बुधवार, तीन ते सहा

एकतीस वर्षं चोडणच्या फेरीवर
दोर टाकला, दोर ओढला.
म्हणून रेवाची वेणी मला जमते.
सुटत नाही, एवढाच तिचा गुण.
'आबा, डोळे ताणतात,' ती कुरकुरते
आणि दिवसभर शाळेत
कसलंतरी नवल वाटल्यासारखी बसते.

तिची आई कुठे आहे ते गावाला ठाऊक,
तिला अर्धं ठाऊक,
आम्हाला नको तेवढं.
बाप तारवावर. आठ महिने समुद्र, दोन महिने घर.
त्या दोन महिन्यांत तो झोपतो,
नाहीतर खेळणी उघडून दाखवतो
ज्यांचे सेल इथे मिळत नाहीत.

उरलेलं आमचं.
रात्री दोनला ताप,
औषधाच्या झाकणावरची रेघ चष्म्यातून शोधणं,
उवांची फणी,
'पालकांची सही' लिहिलेल्या जागी
माझं थरथरतं आडनाव.
पालकसभेत त्या बुटक्या बाकावर
बसता येतं. उठता येत नाही.

एका दुपारी द्वारका
दूध गॅसवर ठेवून उभ्या उभ्या झोपली.
करपल्याचा वास पाणंदीपर्यंत गेला
आणि पाणंदीतून आवेलीन आत आली.
काही बोलली नाही. भांडं घासलं.
दुसऱ्या दिवशी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर
वार आणि नावं लिहून घेऊन आली.
वाड्यावर अशी पाच घरं निघाली,
मधली पायरीच नसलेले पाच जिने.

'आम्हाला काय झालंय?' मी म्हणालो,
'हात चालतात अजून.'
'हातांक कोण विचारता?' ती म्हणाली.
'वच. न्हिद मात्शें.'

पहिल्या बुधवारी मी तिच्या गडग्याआड उभा राहून
रेवाचं हसू ऐकत होतो, चोरासारखा.
दुसऱ्या बुधवारी कौलं चाळली.
तिसऱ्या बुधवारी द्वारका दार ओढून झोपली,
पंखा पाचावर, तोंड उघडं,
आणि तिची झोप मोडू नये म्हणून
मी धक्क्यावर गेलो.
चालत येणाऱ्याला तिकीट नाही.

'आबा, पलीकडे काय काम काढलंत?'
युगेशने विचारलं. गाठी त्याला मीच शिकवलेल्या.
'काही नाही.'
रायबंदरला सगळे उतरले. मी बसून राहिलो.
परत येताना त्याने दोर उशिरा टाकला.
दिसलं. बोललो नाही.
मांडवी कामाशिवाय कधी पाहिली नव्हती.
फार वेगळी नव्हती.
पाच खेपा केल्या.
चौथीत डोळा लागला,
आणि कुणी हलवून उठवलं नाही.

घरी द्वारकाच्या गालावर उशीची वळी.
'कुठे गेला होतात?'
'पलीकडे.'
तिने मान हलवली,
जणू तीही तिथूनच आली होती.

सहाला रेवाला आणायला गेलो.
'इतक्यात?' ती म्हणाली.
ते लागलं. मग बरं वाटलं.
मग पुन्हा थोडं लागलं.

शनिवारी विश्राम नाईकांची जुळी आमच्याकडे असतात.
एकाने माझा रेडिओ उघडला,
दुसऱ्याने स्क्रू लपवले.
विश्राम कुठे जातो, आम्ही विचारत नाही.
येताना तो पोदेराकडचे चार उंडे आणतो,
गरम,
आणि जरा सरळ उभा राहतो.

त्या रात्री रेवा झोपली तेव्हा पाहिलं,
आवेलीनने वेणी उसकटून नव्याने घातलेली,
सैल, टोकाला भाजीच्या जुडीचा रबर,
मानेवर सुटलेल्या चार बटा.
ही गाठ सकाळपर्यंत धरायची नाही.
सवयीने हात पुढे गेला.

राहू दिली.