वीस सेकंद

रात्री दीडला फोन.
दांडिया बाजारात तेव्हा एकच रिक्षा
आणि गच्चीवरचा कोबा दिवसभर तापून
अजून पायाला कोमट.

तिकडे उणे एकवीस.
ऋजुता म्हणाली, बाबा, शटर किती वेळ उघडं ठेवू?
बोटं चालत नाहीत,
एक बॅटरी मेली, दुसरी काखेत धरलीय,
कोंबडीनं अंडं उबवावं तशी.

चाळीस वर्षं मी लग्नं काढली, आणि पासपोर्ट.
हळद, शालू, नवरदेवाच्या कपाळावरचा घाम,
सगळं सेकंदाच्या साठाव्या भागात.
आकाश कधी काढलं नाही.
आकाशानं ऑर्डर दिली नव्हती.

तरी सांगितलं:
तिवई बर्फात घट्ट रोव, हात काढून घे, वीस मोज.
तुम्ही मोजा, ती म्हणाली,
डार्करूममध्ये मोजायचात तसं.

मग मोजलं.
एक घोडा, दोन घोडे, तीन घोडे,
सातव्या घोड्याला खाली कुत्रं भुंकलं,
अकराव्याला ही आतून म्हणाली, कोण आहे एवढ्या रात्री?
थांबलो नाही.
पलीकडून नुसता वारा
आणि जागच्या जागी करकरणारे तिचे बूट.

वीस.

बराच वेळ काही नाही.
मग हळू आवाजात, चूक कबूल करावी तसं:
बाबा, डोळ्यांना राखाडीच दिसत होतं हो,
ओल्या लाकडाचा धूर असतो ना, तसलं.
हिरवं आत्ता आलं. कॅमेऱ्यात.

लाल दिव्याखालचा ट्रे आठवला.
कोऱ्या कागदावर आधी भुवया यायच्या,
मग बाकीचा माणूस.
ही सात वर्षांची, स्टुलावर उभी,
नाक पाण्याला टेकेल इतकी वाकून विचारायची,
हा आधी कुठे होता?
मी काय उत्तर दिलं आठवत नाही.
बहुतेक, हलू नकोस, म्हणालो असेन.

सकाळी पेनड्राइव्ह खिशात घालून लॅबवर गेलो.
भाविननं फोटो उघडला, मान तिरकी केली:
काका, बहु ग्रीन छे. काढी नाखूं?
त्याला बर्फ पांढरा करून हवा होता.
त्याचं चुकलं नाही. मीच शिकवलंय,
चेहऱ्यावर हिरवं उतरलं तर तो मंडपाच्या कापडाचा दोष,
काढून टाकायचा.

रहेवा दे, म्हटलं.
आठ बाय बारा. मॅट.

मशीन गरम होईपर्यंत
मी काउंटरला टेकून
उगाचच घोडे मोजत होतो.