रुमालाखाली

अंकलीच्या पुलाअलीकडे गाडी घसरली.
हेल्मेट डिकीत होतं.
एकवीस दिवसांनी अण्णा मिरजेहून घरी आले,
टाके सुकलेले, चाल सरळ,
आणि कान शाबूत, असं कागदावर लिहिलेलं.

आम्ही बोलतो ते त्यांना ऐकू येतं.
नुसतं ऐकू येतं.

"पाणी देऊ?" म्हटलं की चपला घालून उभे राहतात.
"बसा" म्हटलं की हसतात,
पेढीवर गिऱ्हाइकाकडे बघून हसायचे तसं,
आणि म्हणतात, "बरोबर, बरोबर."
फोन वाजला, बरोबर. लाईट गेली, बरोबर.
शेडबाळची आत्या "नेमण्णा" म्हणत गळ्यात पडली,
कानडीत रडली.
तिलाही तेच.

थेरपीवाली पोरगी टेबलावर चित्रं मांडते.
चमचा दाखवा, अण्णा.
ते कुलूप दाखवतात,
मग तिचा चेहरा बघतात
आणि बोट हळूच मागं घेतात.

आई आधी मोठ्यानं बोलायची,
मग सावकाश, मग एकेक शब्द सुटा करून,
मग भांड्यांशी.
एकदा म्हणाली, "चाळीस वर्षं माझं ऐकलं नाही,
ते निराळं होतं गं."

फेब्रुवारीत यार्डात नवी हळद उतरली.
दिवाणजी नमुन्याची पिशवी ठेवून गेले, सवयीनं.
अण्णांनी एक हळकुंड उचललं,
कानाशी नेलं, मोडलं.
आवाज बसका.
तोंड वाकडं करून त्यांनी ते पिशवीत परत टाकलं.
दुसरं मोडलं : ठण्.
भुवया वर गेल्या.

आई दारात उभी होती.
तिनं दोरीवरचा पंचा ओढला,
त्यांच्यासमोर बसली,
त्यांचा हात आणि आपला हात त्याखाली झाकला.
तिनं जन्मात सौदा केला नव्हता.
सौद्याला बायका कुठं असतात?
डबा द्यायला जायची तेव्हा लांबून बघितलेलं,
पंचा हलायचा,
तोंडं मुकी.

पंचा हलला.
किती बोटं धरली, कशाची,
काय विकत होती, काय मागत होती,
मला दिसलं नाही.
रुमाल त्यासाठीच असतो.

अण्णांनी डोळे मिटले, हिशेब केला,
आणि मान हलवली.
नाही.

सहा महिन्यांतलं पहिलं नाही.

आईनं पदरानं नाक पुसलं
आणि भाव वाढवला.