तिसरा माग

एप्रिल संपतासंपता, दुपारी साडेतीनला,
सत्तर फूट रोडवर कुत्रीसुद्धा सावली बदलत नाहीत तेव्हा
मी एका बंद कारखान्यात कला बघायला गेले.

बघायला, म्हणजे वाचायलाच.
मला दुसरं काही येत नाही.
सव्वीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासते:
लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, पतसंस्थांचे अहवाल.
माणूस समोर आला तरी आधी
त्याच्या शर्टाचं निसटलेलं बटण दिसतं.

शेडमध्ये टॉवेलच्या कापडाच्या चाळीस पट्ट्या,
छतापासून फरशीपर्यंत, पांढऱ्या, कोऱ्या.
आणि स्पीकरमधून मागांचा आवाज,
खटक खट्, खटक खट्,
आमच्या गल्लीत जो आता निम्माच उरलाय.

स्रवंती गुंडेटी, वय एकोणतीस, शिकली बडोद्याला,
वाढली इथल्याच विडी घरकुलात.
पत्रकावर तिचं वाक्य: वस्त्र हीच संहिता.
बरं.
खाली मात्र 'स्मृतीवस्त्र'.
पहिली वेलांटी हवी, दिलीय दुसरी.
पर्समधली पेन्सिल आपोआप हलली.

कापडाला हात लावू नये, अशी पाटी.
मी नाक लावलं. नाकाबद्दल काही लिहिलं नव्हतं.
खळ, मशीनचं तेल, आणि मागे कुठेतरी तंबाखू.
त्यासरशी अशोक चौकातलं एका खोलीचं वाचनालय उघडलं,
जिथे विड्या वळून आलेल्या पोरी पुस्तक बदलायच्या,
त्यांच्यात मी,
आणि प्रत्येक रहस्यकथेला जर्द्याचा वास.
खुनी कोण ते कळायच्या पानावर
शेंगाचटणीच्या तेलाचा अंगठा,
इतका आरपार की दिव्यासमोर धरलं
तर मागची अक्षरं उलटी होऊन पुढे यायची.
कुणाचा तो अंगठा, कधी कळलं नाही.
पण इथे येऊन ती थांबली होती, एवढं नक्की.
तेवढं समीक्षण मला पुरतं.

दाराशी खुर्चीत राजेशम सामल. राखणीला ठेवलेत.
चाळीस वर्षं माग चालवला, दोन्ही कान त्यात गेले.
ज्या आवाजाने गेले तो आवाज इथे मांडलेला,
आणि ऐकू येत नाही फक्त त्यांनाच.
मला हे फार सुबक वाटलं. लिहून ठेवावं इतकं.
मग लाज वाटली.

बाटली ठेवायला ते उठले,
स्पीकरच्या खोक्यावर तळवा टेकला
आणि तसाच राहिला.
डोळे मिटलेले. ओठ मोजत होते.
कपाळावर आठी.
"तप्पु," ते म्हणाले.

तेलुगूत चूक, कन्नडमध्येही चूकच,
आमच्या गावात या एका शब्दाला दुभाषी लागत नाही.
तीन बोटं वर केली. तिसरा माग.
धोटा उशिरा परततोय.
"कोण होता त्याच्यावर? झोपला होता काय?"
मोठ्याने, कान गेलेली माणसं बोलतात तसं.

स्रवंती आतून आली. हसली नाही.
वहीत मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्यापुढे धरलं:
माझा मामा. त्या दिवशी ताप होता त्याला.
ते बराच वेळ वाचत राहिले.
मग मान हलवली, जणू ताप उतरला का विचारतायत.

मीही हात ठेवला.
लाकूड गरम, थरथरतं, गाभण शेळीच्या पोटासारखं.
चूक मला सापडली नाही.
कुणीतरी दाखवलेली चूक मला दिसत नाही
आणि तरी मी हात काढत नाही,
असं याआधी झालेलं नाही.

रात्री कडक भाकरी मोडली, तिचा आवाज
दोनदा ऐकला.
पत्रक खूण म्हणून पुस्तकात ठेवलंय,
वेलांटी होती तशीच.
ती टाकताना कुणाला काय होत होतं, काय सांगावं.

उद्या पतसंस्थेचा अहवाल यायचाय, एकशे बारा पानं.

आणि हो, निघताना मी कापडाला हात लावला होता,
ते सांगायचं राहिलं.