उशिरा पोचलेला उपास

प्राध्यापक महाशय,
फिलाडेल्फियाहून आलेलं तुमचं पत्र मंडळीच्या ऑफिसात मिळालं.
तुम्ही विचारता, तुमच्याकडं यादवी चालू होती तेव्हा
इथल्या ख्रिस्ती माणसांची
राष्ट्राविषयी काय कल्पना होती.

कपाटाची किल्ली दोन दिवस सापडेना.
मग एकोणीसच्या पुरात भिजून फुगलेली वही निघाली,
पानं एकमेकांना घट्ट धरून बसलेली.
इडलीपात्राच्या वाफेवर धरून
मी ती एकेक सोडवली.

अठराशे त्रेसष्ट. अक्षर हॉलिस्टर साहेबांचं.
तुमच्या अध्यक्षांनी देशाला एक दिवस उपास सांगितला होता,
पापाची कबुली म्हणून.
ते फर्मान लिव्हरपूल, सुएझ, मुंबई, रत्नागिरी करत आलं,
आंबा घाटात गाडीचा आस मोडला,
आणि कोल्हापुरात पोचलं तेव्हा
उपासाची तारीख उलटून नऊ आठवडे झाले होते.
साहेबांनी तरीही घंटा वाजवली.

सहा जण जमले.
नावं लिहिलीत, आडनावं नाहीत.
पाच जणांनी माना डोलावल्या.
सहावी हरणा, कोडोलीची, चामड्याच्या वासाची
(हे साहेबांचे शब्द, माझे नव्हेत),
ती म्हणाली,
“सायेब, आमी रोजच उपाशी.
त्यातला कुठला दिस धरायचा
तुमच्या देशाच्या नावानं?”

साहेबांनी गुलामगिरी समजावून सांगितली.
साखळ्या, लिलाव, कापसाची शेतं.
तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,
“त्यास्नी हिरीवर चढू देत्यात का?”

पुढं दीड ओळ खोडलेली आहे.
तुमच्याकडं यंत्रं असतात म्हणे, खोडलेलं वाचायची.

आणखी एक पान पाठवू की नको, ठरत नव्हतं.
देवळाच्या छपराच्या जमाखर्चाचं.
सागवानी तुळया, कौलं, सुतार बाळू मेस्त्री,
आणि जमेच्या बाजूला सव्हानाच्या मंडळीचे चाळीस डॉलर,
लढाईच्या आधीचे.
ते पैसे कशाचे, ते तुम्ही मला शिकवू नका, मी तुम्हाला शिकवणार नाही.
पण त्याच छपराखाली हरणा बसली,
आणि ‘जरा सरकून बस’ असं
जन्मात पहिल्यांदाच तिला कुणी म्हटलं नाही.
या दोन गोष्टी एका वाक्यात कशा लिहायच्या?
छत्तीस वर्षं इतिहास शिकवला मी. येत नाही.

नंतरचंही विचारलंय तुम्ही.
बेचाळीसला माझे आजोबा
खादीची टोपी घालून वेदीपाशी उभे राहिले.
पुढच्या बाकावरचा साहेब उठून गेला.
मागच्या बाकावरचा पोलीस मात्र
शेवटच्या आमेनपर्यंत बसला.
गल्लीत दोन्हीकडून एकच प्रश्न यायचा,
तुम्ही नक्की कुणाचे?

अजून येतो.
परवा आधारच्या खिडकीवर पोरानं माझं नाव दोनदा वाचलं.
“मॅडम, मूळच्या कुठल्या?”
“शुक्रवार पेठ.”
“तसं न्हवं ओ,” तो म्हणाला,
अगदी प्रेमानं.

तर महाशय, तुमचा शब्द वहीत नाही.
मुलूख आहे, दोनदा.
सरकार पुष्कळदा. पाणी तर पानोपानी.
राष्ट्र मला सापडलं नाही.
तुमच्या निबंधाला याचा उपयोग नसेल तर सोडून द्या.

त्या दिवशी संध्याकाळी उपास सोडायला
गूळ-शेंगदाणे वाटले. खर्च सहा पैसे.
पाच जणांनी तिथंच खाल्ले.
हरणानं आपला वाटा पदरात बांधला,
म्हणाली, “दिस कुठं मावळलाय अजून.”
साहेबांनी खाली लिहिलंय :
सूर्यास्त होऊन गेला होता.

आपली,
टबीथा तिवडे, सेक्रेटरी

ता. क. : झेरॉक्स जोडली आहे.
चौदावं पान अर्धंच आलंय. मशीन जुनं आहे.