सूट

टॉलरन्सला मराठीत सूट म्हणायचं,
हे आयटीआयमध्ये कोळवणकर सरांनी शिकवलं होतं.
मापात
चुकायला ठेवलेली जागा.
मी ती कधी वापरली नाही.

ओमानमध्ये, सूर गावाच्या कडेला,
समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लँटवर
आठ पंप उघडे पडलेत.
मोटर आणि पंप एका रेषेत आणायचे.
पाच शतांश मिलिमीटरपर्यंत चालतं.
मी दोनवर आणतो,
कधी दीडवर.
कुणी बघत नाही. मला माहीत असतं.

सुपरवायझर होऊन चौदा महिने झाले.
हाताखाली अकरा माणसं, आणि त्या अकरांनी आवळलेला
प्रत्येक बोल्ट मी रात्री पुन्हा आवळतो.
थंकच्चन आता नीट आवळतच नाही.
म्हणतो, साब येणारच आहे.
तिलक थापा माझ्यामागे टॉर्च धरून उभा.
दोन वर्षं झाली, नुसता टॉर्च धरतो.

पाच दिवसांत तीन पंप.
थुरैया, आमची नवी इंजिनिअर, याच गावची,
तक्ता समोर धरते आणि काही बोलत नाही.
पाच पंप उरलेत, दोन दिवस.
तिच्या आजीकडे टँकरनं पाणी येतंय,
हे तिनं नाही, ड्रायव्हरनं सांगितलं.

फोनवर बायकोला म्हणालो,
माझ्यासारखं कुणी करत नाही गं.
ती म्हणाली, खरंय.
सुट्टीवर आलात की मी वाळत घातलेले कपडे
तुम्ही काढून पुन्हा वाळत घालता.
मग म्हणाली, मी काही म्हणत नाहीये.
मग गॅसच्या नंबराचं बोलत राहिली.

सकाळी डायल गेजची पेटी तिलकच्या हातात दिली.
माझी स्वतःची, पहिल्या पगारातली,
आतलं मखमल झिजून पांढरं झालेलं.
म्हटलं, चौथा पंप तुझा.
टॉर्च कुठे ठेवावा म्हणून त्यानं इकडेतिकडे बघितलं.
मीच घेतला.

आणि बाहेर खाडीकाठी जाऊन बसलो,
हात मांड्यांवर,
परक्याच्या घरी ठेवतो तसे.
पलीकडे लाकडी गलबताचं काम चाललेलं.
फळीफळीत फट,
करंगळीचं नख जाईल एवढी.
म्हातारा सुतार तीत तेलात बुडवलेला कापूस कोंबत होता,
घाई नाही, काही नाही.
पाण्यात उतरल्यावर लाकूड फुगतं,
बाकीचं ते बघून घेतं.
हे मला ठाऊक होतं. दाभोळला लहानपणी
बघितलं होतं की.

तासाभरानं तिलक आला.
हाताला ग्रीस, मानेला ग्रीस.
म्हणाला, चार.

चार.
मी दोनवर आणला असता.
माझा उजवा हात पान्याकडे निघाला,
निघताना मी त्याला बघितलं.
पाच चालतं असं कागदावर लिहिलंय,
कुणीतरी विचार करूनच लिहिलं असेल.
म्हटलं, पुढचा घे.
आणि थंकच्चनला सांग,
साब येणार नाहीये.

दुसऱ्या रात्री आठवा पंप फिरला.
थंकच्चनच्या एकाचं सील गळलं,
ते त्यानंच पुन्हा उघडलं,
मल्याळममध्ये शिव्या देत, बहुतेक मलाच.

खोटं कशाला बोलू,
पहाटे तीनला मी गेलोच चौथ्यापाशी.
टॉर्च मारला.
प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ,
बोल्टवरून नटवर, नटवरून खाली, अखंड.
सैल झाला तर रेघ तुटणार,
येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दिसणार.
अशी रेघ मी कधी मारली नव्हती.
मी रोज रात्री स्वतःच जात होतो.

टॉर्च बंद केला.
पंपाच्या पाठीवर हात ठेवला.
किंचित थरथर होती.
चालत होतं.