साडेतीन मिनिटं

मी अकरावीला गतीचे नियम शिकवते, परभणीत.
म्हणून असले सिनेमे मला धड बघता येत नाहीत.

यान वळताना कलतं,
जिंतूरच्या वळणावर एसटी कलावी तसं.
पण तिथं रस्ता कुठाय, हवा कुठाय,
कलायचं कशाच्या भरवशावर?
आणि ज्वाळा. हवेवाचून भडभड ज्वाळा.
आणि चार प्रकाशवर्षं
माझा समोसा संपायच्या आत.

आम्रपाली माझा हात दाबते : मॅडम, हळू बोला.
मागचा म्हणतो, ओ बाई, तिकीट काढलंय आम्ही.

त्या दिवशी मे महिना, मॅटिनी,
पंखे नुसतीच गरम हवा ढवळतायत,
आणि ऐन लढाईत आवाज गेला.
चित्र चालूच.
पब्लिक उठलं. शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट,
‘ए बिभीषण, झोपला का बे!’
वर केबिनमध्ये बिभीषणमामा
उडालेल्या फ्यूजला गुंडाळायला
सिगारेटच्या पाकिटातली चांदी हुडकत असणार.

तेवढ्यात पडद्यावर
अख्खं जहाज फुटलं
आणि काहीच ऐकू आलं नाही.

पत्रे निघाले, सरळ,
ज्याला जी दिशा मिळाली ती धरून.
एक हातमोजा
स्वतःभोवती फिरत, सावकाश,
कुठंच न पोचण्याच्या वाटेला लागला.
बाह्य बल नसेल तर.
एकोणीस वर्षं फळ्यावर लिहिते मी हे,
खाली रेघ मारते, दोन मार्काला येतं म्हणून सांगते.
या वाक्याची भीती वाटते
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शिट्ट्या थांबल्या होत्या का
की मलाच ऐकू येईनाशा झाल्या होत्या?
आम्रपालीला विचारायचं राहिलं.

मग चांदी बसली.
पुढचं जहाज असं फुटलं की छताची धूळ पडली.
टाळ्या. आम्रपालीच्या पण. खोटं कशाला, माझ्यापण.

पायरीवर मामा भेटले, बनियन भिजलेला.
‘बाई, साडेतीन मिनिटं वाया गेली बगा तुमची.’
मी विचारलं, ती चांदी उद्यापर्यंत टिकंल?
‘कुठं टिकतिया. उडंल परत.’

खिडकी अजून उघडी होती.
उद्याची दोन काढली.