तिसऱ्यांदा

पोरीनं विषय घेतले तीन:
जीवशास्त्र, इतिहास आणि सिनेमा.
सिनेमा?
मी म्हटलं, त्याचा पेपर असतो?
असतो म्हणाली, अडीच तासांचा.
अडीच तासांत तर अख्खा सिनेमा बघून होतो.
टॅमसिन हसली नाही.

आम्ही ग्रिम्सबीचे, मासे धुरावणारे.
हॅडॉक सळईवर ओवायचे, ओकचा भुसा पेटवायचा,
रात्रभर धुमसू द्यायचा, पहाटे उतरवायचे.
माझा बाप सतराव्या वर्षी हेच करत होता,
त्याचाही बाप. पेपर कुणाचाच नव्हता.

तेव्हापासून टीव्हीपुढे बसायची सोय राहिली नाही.
डॅड, आत्ता कॅमेरा कुठे होता?
मला काय माहीत! नवरा मेलाय तिचा,
मी तिच्याकडे बघत होतो.
तेच तर. तुला तिच्याकडे बघायला कुणी लावलं?
रिमोट तिच्या हातात.
एक दार उघडतं, एवढंच,
त्यासाठी अकरा वेळा मागे गेली.
बाराव्यांदा मलाही दिसलं
की दार उघडायच्या आधीच आवाज येतो.
मी बोललो नाही. उगाच शेफारायची.

मग त्यांच्या मिस ऑकलींनी सांगितलं,
आता स्वतःचा करा, चार मिनिटांचा.
ती म्हणाली, तुझा करते.
मी इस्त्रीचा शर्ट घातला, धुरीघरापुढे उभा राहिलो,
आजोबांचा ट्रॉलर, बंद पडलेला बर्फाचा कारखाना,
एके काळी धक्क्यावर बोटींना जागा मिळायची नाही ते,
सगळं सांगितलं. वीस मिनिटं.
चांगलं बोललो, खोटं कशाला सांगू.

मे महिन्यात कॉलेजच्या हॉलमध्ये
घडीच्या खुर्च्यांवर आम्ही पालक.
दिवे गेले.
धूर. सळया. माझी पाठ.
बोलणं? एक अक्षर नाही.
मग आमचं स्वयंपाकघर, दाराच्या फटीतून.
हे कधी घेतलं हिनं?
मी बेसिनपाशी. अर्धं लिंबू नखांवर घासतोय.
हात धुतो. बोटं नाकाशी नेतो.
पुन्हा साबण, पुन्हा पाणी,
पुन्हा नाकाशी.
खुर्चीच्या पाठीवर शर्ट, इस्त्रीचा, वाट बघत.
ओळखला मी तो दिवस.
पालकसभेला निघालो होतो, तिच्याच.

शेजारच्या फेरिबीनं कोपर मारलं. तू का रे हा?
हात माझे आहेत, मी म्हटलं.

गाडीत बसल्यावर विचारलं,
माझं भाषण कुठं गेलं?
ते तू कॅमेऱ्याला सांगत होतास, म्हणाली.
वळणावर सिग्नल लागला.
आणि हुंगलं मी तीनदा होतं, मला आठवतंय.
तू दोनदाच दाखवलंस.
ती काचेतून बाहेर बघत होती.
दोनदा बघितलं की कळतं, डॅड.
तिसऱ्यांदा दाखवलं
तर मी तुझी कीव करतेय असं वाटलं असतं.
हे लिहिलंयस पेपरात?
लिहिलंय. त्यालाच तर मार्क आहेत.
सिग्नल हिरवा होऊन मागचा हॉर्न वाजवेपर्यंत
मी तिथंच.

निकाल ऑगस्टमध्ये.
आता बेसिनपाशी उभा राहिलो
की आधी दाराच्या फटीकडे बघतो.
कुणी नसतं.
मग लिंबू, साबण, पाणी,
एकदा, दोनदा,
आणि जे कुणालाच दिसणार नाही
ते तिसऱ्यांदा.
धूर असतोच.